रक्तपेढीचे आठ प्रोसेसर

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला भ्रमरांबाच्या टेबलावरचा फोन वाजला, की शेजारच्या मुली मान वर न करताच म्हणायच्या, "घ्या, सिंहाद्री आले." आणि पलीकडे सिंहाद्रीच असायचा.

"अक्का, यादी लावलीय. लक्ष असू द्या."

"लक्ष आहे रे बाबा. तू देवाचं नाव घे आणि वाट बघ."

"देवाचं नाव घेऊनच तुम्हाला फोन लावलाय."

सिंहाद्री विशाखापट्टणातल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत कामाला होता. भ्रमरांबा तिथून चौदा किलोमीटरवर, ऋषिकोंड्याच्या टेकडीवरच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायची. आठ वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. हुदहुद वादळात रक्तपेढीत पाणी शिरलं, त्यांचा जुना कंप्यूटर गेला, तेव्हापासून त्यांच्या सगळ्या नोंदी टेकडीवरच्या सर्व्हरमध्ये येऊन राहिल्या होत्या. दर मंगळवारी पाडेरूच्या डोंगरातून मुलं यायची. जन्मापासून रक्ताचं दुखणं असलेली मुलं, महिन्याला रक्त चढवलं तर उभी राहणारी. ज्यांना वर्षानुवर्षं दुसऱ्याचं रक्त चढतं त्यांना पुढे पुढे कुणाचंही चालत नाही, नीट जुळवून घ्यावं लागतं. सकाळी नमुना घ्यायचा, तो तपासायचा, मग हजारो दात्यांच्या नोंदींतून कंप्यूटर जुळणाऱ्या पिशव्यांची यादी काढून देणार. यादी दहा-सव्वादहाला आली तर अकराला रक्त लागतं, तीनला सुई निघते आणि साडेतीनची पाडेरूची बस मिळते. यादीला उशीर झाला की बस चुकली. बस चुकली की आई-बाप पोराला घेऊन रक्तपेढीच्या व्हरांड्यात रात्र काढणार आणि दुसऱ्या दिवशीचा रोजही बुडणार.

म्हणून ही फोनाफोनी. यादी निघेपर्यंत सिंहाद्री फोन ठेवायचा नाही, आणि कधीकधी तो बाकावरच्या मुलांपैकी एकीच्या हातात द्यायचा. तिचं नाव वंतला चिन्नाम्मी.

"कंप्यूटरम्मा, माझं रक्त सापडलं का गं?"

"शोधतंय. तू काही खाल्लंस का?"

"इडली खाल्ली. चटणी तिखट होती. सिंहाद्रीमामा म्हणतात, तुझ्याकडे माझं रक्त शोधायला आठ माणसं आहेत."

"आहेत ना."

"त्यांची नावं काय?"

"नावं नाहीत, नंबर आहेत. शून्य ते सात."

"शून्य असं नाव कुणी ठेवतं का!" पोरगी खदखदून हसली. पुढच्या खेपेला तिनं शून्याचं नाव गुंडू ठेवलं, तिच्या घरच्या बोकडाचं. एक नंबरची काळी, दोनची बंगारी, तीन म्हणजे पोट्टी. पुढच्या चारांना तिनं कोंबड्यांची नावं दिली. भ्रमरांबानं ती सगळी आपल्या वहीत, शून्य ते सातच्या ओळीपुढे, पेन्सिलीनं लिहून ठेवली. पुढल्या खेपेला पोरगी परीक्षा घ्यायची, "सांग, सहा नंबर कोण?" आणि भ्रमरांबाला सांगता यायचं.

त्या आठांची गोष्ट सांगायची तर भ्रमरांबाच्या सासरपासून सुरुवात करावी लागेल.

ती भीमिलीच्या एका शाळामास्तरांची मुलगी. विसाव्या वर्षी लग्न होऊन विशाखापट्टणाच्या जुन्या गावातल्या एका मोठ्या घरात पडली. पाच सुना, सात दीर-नणंदा, एक चूल. त्यात एक नणंद मुकी होती, नागरत्नम्मा. ताटाशी बसलेली बाकीची मंडळी आरडाओरडा करून वाढून घ्यायची, नागरत्नम्मा खाली मान घालून बसायची. सासूबाई तोंडानं फटकळ, पण त्यांचा एक नेम होता. भात उतरला की सगळ्यांच्या आधी त्या नागरत्नम्माचं ताट वाढायच्या आणि वर दुसरं ताट झाकून ते कोनाड्यात ठेवायच्या. एकदा दिरानं विचारलं, "तिला भूक नसली तर? ते गार होत पडतं की." सासूबाई म्हणाल्या, "पडू दे गार. जो ओरडून मागत नाही, त्याचं ताट आधी वाढून झाकून ठेवायचं असतं. तू ओरडतोस, तू उपाशी राहायचा नाहीस."

भ्रमरांबाचा नवरा बंदरात कामाला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि तो कावीळ होऊन गेला. मूलबाळ नव्हतं. सासूबाईंनीच तिला बंदराच्या कचेरीत टायपिंगला लावलं. तिथून ती कंप्यूटरवर आली, कंप्यूटरवरून डेटाबेसवर. इंग्रजी बेताचं, पण एकदा शिकलेलं विसरायची नाही, कारण शिकलेलं सगळं ती वहीत लिहायची. वहीच्या पहिल्या पानावर हळद-कुंकवाची बोटं, वर श्रीराम, आणि मग एकेका सर्व्हरची कुंडली. कंपनीतली पोरं हसायची. पण अडलं की, "अक्का, जरा वही बघता का?"

रक्तपेढीच्या नोंदी आल्या तेव्हा त्या एका मोठ्या सर्व्हरवर ठेवल्या गेल्या. त्या एकाच यंत्रात पाच गिऱ्हाइकांचे डेटाबेस एकत्र नांदत होते. त्यातली एक विमा कंपनी म्हणजे घरचा थोरला दीर. दर मंगळवारी तिच्या आठवड्याच्या दाव्यांची जुळणी चालायची, तेव्हा ती यंत्राचे सगळे प्रोसेसर आणि सगळी मेमरी ओढून घ्यायची. प्रोसेसर म्हणजे राबणारे हात आणि मेमरी म्हणजे हाताशी काढून ठेवलेलं सामान. दोन्ही थोरल्यानं ओढलं की रक्तपेढीची यादी बसली मान खाली घालून. पहिल्याच महिन्यात तीनदा बस चुकली.

भ्रमरांबानं मग रक्तपेढीचा डेटाबेस बांधून टाकला. आठ प्रोसेसर, शून्य ते सात, आणि मेमरीचा एक तुकडा, एवढं रक्तपेढीचं. तिनं याच्या बाहेर जायचं नाही आणि दुसऱ्या कुणी यात हात घालायचा नाही. वहीत ओळ लिहिली, शेवटी लिहिलं, 'नागरत्नम्माचं ताट'. पुढच्या मंगळवारी यादी सात मिनिटांत आली. त्यानंतर सहा वर्षं बस चुकली नाही.

मग यंत्र जुनं झालं. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला नवा सर्व्हर आला. तिकडे आयुधपूजेला सर्व्हरलाही गंध-फूल लागतं, लिंबू ठेवतात, दाराशी कोहळा फोडतात. सगळे नवे कपडे घालून उभे, पुलिहोराचा, चिंचेच्या भाताचा, वास सुटलेला, पुजाऱ्यानं वेळ काढून दिलेली. यंत्राबरोबर आलेल्या इंजिनियरनं तेवढ्यात म्हटलं, "मॅडम, या यंत्राचा नकाशा जुन्यासारखा नाही. बांधाबांधी करायच्या आधी बघून घ्या."

"अहो, मुहूर्त टळतोय," भ्रमरांबा म्हणाली. "माझी ओळ सहा वर्षं चाललेली आहे. हात बदलला तरी मंत्र तोच असतो."

तिनं वही उघडली, शून्य ते सात ही ओळ जशीच्या तशी नव्या यंत्रावर घातली, आणि पडद्यावर हळदीचं बोट टेकलं. यात मुहूर्ताचा दोष नाही. नकाशा बघू नकोस असं देवानं कधी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर मंगळवारचे फोन बदलले.

"अक्का, आज वीस मिनिटं झाली."

"विम्याचं काम चाललंय, पण तुझं वेगळं बांधलेलं आहे. थांब जरा."

"अक्का, आज चाळीस."

भ्रमरांबानं आलेख पाहिला. रक्तपेढीचे आठही प्रोसेसर घाम गाळत होते. कुणी त्यांच्यात घुसलेलं नव्हतं. "सिंहाद्री, माझे आठही राबतायत. तुमच्याच याद्या फुगल्यात. दाते वाढले, जुन्या नोंदी तशाच पडून आहेत. तुमच्या ट्रस्टवाल्यांना सांग, प्रश्न नीट विचारायला शिका."

सिंहाद्री गरीब माणूस. त्यानं ट्रस्टला सांगितलं, ट्रस्टनं त्यालाच झाडलं. तो सकाळी सातला येऊन कागद लावून ठेवायला लागला. पण मुलांचा नमुना आल्याशिवाय यादी लागत नाही, आणि मुलं नऊच्या आधी पोचत नाहीत. कधी बस मिळे, कधी चुके. आणि इतर दिवशी लावून बघितली तर यादी झरझर निघे, म्हणून भ्रमरांबाची खात्री आणखीच पक्की होई. रोग मंगळवारचा, म्हणजे मंगळवारच्या कामातच काहीतरी असणार, आपल्या बांधणीत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात चिन्नाम्मी फोनवर म्हणाली होती, "कंप्यूटरम्मा, गुंडूला सांग ना लवकर शोधायला. व्हरांड्यात कुत्री येतात."

"सांगते हो," भ्रमरांबा म्हणाली. आणि आलेख पाहिला, आणि गुंडू राबत होता.

नंतर चिन्नाम्मी फोनवर आली नाही. एक महिना गेला, दोन गेले. भ्रमरांबानं विचारलं तर सिंहाद्री म्हणाला, "येत नाहीत ते लोक हल्ली." तिला वाटलं, पाडेरूलाच सोय झाली असेल. बरंच झालं, हेलपाटा वाचला.

मार्गशीर्ष लागला. संक्रांतीनंतर भ्रमरांबा निवृत्त होणार होती, साठ पूर्ण होत होती. त्याच आठवड्यात सुधांशुनं तिला आत बोलावलं. सुधांशु म्हणजे तिचा नवा साहेब, हैदराबादहून आलेला, पस्तिशीचा, बोलायला गोड.

"भ्रमरांबा गारू, तुमचे ते आठ प्रोसेसर इथे नोकरीला आहेत की तीर्थयात्रेला? मंगळवार सोडला तर हलत नाहीत. विमावाले जागा मागतायत. शुक्रवारच्या बैठकीत मी ती बांधणी सोडायची म्हणतोय. मोकळं ठेवलं की ज्याला लागेल तो घेईल."

"ज्याला लागेल तो नाही घेत, बाबू. जो ओढेल तो घेतो."

"अहो, आठवड्यातले सहा दिवस रिकामे!"

"झाकून ठेवलेलं ताट रिकामं नसतं."

सुधांशु हसला. "तुमच्या म्हणी मी वर दाखवू शकत नाही. कागद द्या. यंत्राचा नकाशा काढा, कोण कुठे बसलंय, तुमच्या रक्तपेढीला ते आठ का हवेत, एका पानात. पटलं तर ठेवू."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी ती पहाटे कनकमहालक्ष्मीला जायची. त्या देवीच्या डोक्यावर छप्पर नाही आणि मध्ये पुजारी लागत नाही, आपल्या हातानं हळदीचं पाणी घालायचं, आपल्या हातानं कुंकू लावायचं. भ्रमरांबानं पाणी घातलं आणि मागितलं ते एवढंच, की मी गेल्यावर त्या आठांना कुणी हात लावू नये. आपल्यासाठी तिनं फार वर्षांत काही मागितलं नव्हतं.

कचेरीत येऊन तिनं नव्या यंत्राचा नकाशा छापून घेतला. यंत्राच्या पोटात दोन खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत तिचे तिचे प्रोसेसर आणि तिची तिची मेमरी. या खोलीतल्या हाताला त्या खोलीतलं सामान लागलं तर मधल्या अरुंद बोळातून आणावं लागतं. हे तिला ठाऊक होतं, जुन्या यंत्रातही असंच होतं. ती रंगीत पेन्सिली घेऊन बसली. साहेबाला एका नजरेत कळावं म्हणून रक्तपेढीची खोली पिवळी करायची आणि दुसरी लाल.

शून्य. पिवळा. एक...

एक दुसऱ्या खोलीत होता.

तिला वाटलं, ओळ चुकली. चष्मा पुसला. दोन पहिल्या खोलीत, तीन दुसऱ्या. पत्ते वाटावेत तसे नंबर टाकलेले होते, एक इकडे, एक तिकडे. जुन्या यंत्रात आधी एक खोली भरून मग दुसरी, या यंत्रात आडवं वाटलेलं. तिनं वही उघडली. पेन्सिलीतली नावं पुसट झाली होती. गुंडू इकडे. काळी तिकडे. बंगारी इकडे. पोट्टी तिकडे. आठांतले चार परक्या खोलीत, आणि सामान सगळं पहिल्या खोलीत, कारण तिनंच ते तिथे बांधलेलं. ते चार हात दोन वर्षं बोळातून ये-जा करत होते. इतर दिवशी बोळ मोकळा, म्हणून कळलं नाही. मंगळवारी विम्याची वरात त्याच बोळातून जायची, आणि हे चार तिच्या मागे सामान घ्यायला रांगेत उभे. रांगेत उभा असलेला हातसुद्धा आलेखावर राबतानाच दिसतो. हेही तिला ठाऊक होतं. पोरांना तिनंच शिकवलं होतं.

ताट वाढलं होतं, झाकलं होतं, आणि अर्धं दुसऱ्या घराच्या कोनाड्यात ठेवलं होतं.

शेजारची लहरी म्हणाली, "अक्का, चहा सांगू? चेहरा असा काय झालाय?"

"नको गं." तिनं लाल पेन्सिल खाली ठेवली. "नको. तू काम कर."

दुपारी तिनं सिंहाद्रीला फोन करून दहा मिनिटं मागून घेतली, डेटाबेस बंद केला आणि नव्यानं बांधला. आता आठही एकाच खोलीत, सामानाशेजारी. यापेक्षा जास्त कष्ट नव्हते. दोन वर्षं अडलेलं काम दहा मिनिटांचं होतं.

शुक्रवारची बैठक साहेबानं विमावाल्यांच्या सोयीसाठी बुधवारवर ढकलली होती. त्यामुळे मध्ये मंगळवार आला. फोन वाजला.

"अक्का! चार मिनिटं!" सिंहाद्री ओरडतच होता. "चार मिनिटांत सगळ्यांची यादी! काय केलंत? नारळ फोडलात की काय? निवृत्त होताना जादू काढली होय पोतडीतून!"

"सिंहाद्री, बस. ऐक."

तिनं सगळं सांगितलं. खोल्या, बोळ, दसरा, वही. शेवटी म्हणाली, "तुमच्या याद्या फुगल्या नव्हत्या. चूक माझी होती. दोन वर्षं."

पलीकडे एका मुलाचं रडणं ऐकू येत होतं.

"मी ट्रस्टच्या शिव्या खाल्ल्या, अक्का," तो म्हणाला. "माझ्या शिव्यांचं काही नाही, मी शिव्या खाऊनच मोठा झालोय. पण मी त्या लोकांना सांगायचो, टेकडीवरच्या अक्का कधी चुकत नाहीत, आपलंच काहीतरी असेल."

"हो."

"चिन्नाम्मीच्या बापालाही तेच सांगितलं. बोंजुबाबूला."

"ती आता कुठे जाते रे? पाडेरूला?"

सिंहाद्री हळू म्हणाला, "तुम्हाला सांगितलं नव्हतं मी. कशाला सांगायचं म्हटलं. भाद्रपदात गेली ती, अक्का. ताप आला. रक्त आधीच उतरलेलं. लागोपाठ तीन खेपा आणलं नाही त्यानं. दर वेळी व्हरांड्यात रात्र काढायची, पोरीला कुत्र्यांची भीती, म्हणाला पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू."

भ्रमरांबाच्या हातात फोन होता आणि समोर आलेख होता. आठ रेघा एकसारख्या, खाली, शांत.

"यादीमुळेच, असं मी म्हणत नाही," सिंहाद्री म्हणाला. "तापानं बरं रक्त असलेलीही जातात. देवालाच ठाऊक."

"बोंजुबाबूला सांग. माझं नाव घेऊन सांग."

"तुमचं नाव त्याला कुठे माहीत? त्याला कंप्यूटरम्मा माहीत आहे. पोरगी गेल्यावर आला होता एकदा, कार्ड परत द्यायला. म्हणाला, कंप्यूटरम्माला सांगा, ती पोरीशी फार चांगलं बोलायची."

बुधवारी ती दोन नकाशे घेऊन बैठकीच्या आधी सुधांशुपुढे बसली. एक चुकलेला, एक दुरुस्त केलेला. खाली एका पानात काय झालं ते लिहिलेलं, तारखांसकट, आणि आपली सही.

सुधांशुनं वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "हे कुणाला दाखवलंत?"

"सिंहाद्रीला सांगितलं. गिऱ्हाईक ते आहेत, त्यांना कळायला हवं."

"भ्रमरांबा गारू, दुरुस्त केलंत ना? मग झालं. हा कागद नोंदीत गेला तर वरून दहा प्रश्न येतील. तुमचे दोन महिने राहिलेत. सुखानं जा ना! मुलींनी निरोपाची साडीसुद्धा बघून ठेवलीय."

"नोंदीत घाला, बाबू. उद्या तिसरं यंत्र येईल. कुणीतरी माझी वही उघडून हीच ओळ पुन्हा घालेल."

तो थोडा वेळ पेन हलवत बसला. मग म्हणाला, "तुम्ही स्वतःच लिहिलंय की यादी आता चार मिनिटांत येते. आणि ही दोन वर्षं खरं तर चारच हात धड चालत होते. मग आठ कशाला? विमावाल्यांना काहीतरी द्यावंच लागेल मला."

हे तिला आदल्या रात्रीच कळलं होतं. कागद खरा लिहिला की तो त्याच्याच उपयोगाचा होणार.

"चार घ्या," ती म्हणाली. "पण उरलेले चार त्याच खोलीतले, सामानाशेजारचे. आणि ते कुणी सोडवायचे नाहीत, मी गेल्यावरही नाही, असं या कागदावर लिहून तुम्ही सही करायची. मग मी उठते."

"सौदा करता होय?"

"हो."

त्यानं सही केली. कागद नोंदीत गेला. प्रश्न दहा नाही, तीसेक आले. चौकशी होईपर्यंत मॅडमनी यंत्रांना हात लावू नये असं ठरलं, आणि निरोपसमारंभाचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. साडी लहरीनं घरी आणून दिली, जांभळी, बारीक काठाची. दारातच रडायला लागली. "अक्का, सगळे म्हणतात, गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं होतं ना गं," भ्रमरांबा म्हणाली आणि तिला मुगाचं पेसरट्टू करून वाढलं. जाताना वही तिच्या हातात दिली. शून्य ते सातच्या ओळीवर शाईनं एक आडवी रेघ होती. खाली लिहिलं होतं, 'आधी नकाशा काढावा, मग बांधावं.' पेन्सिलीतली आठ नावं मात्र तिनं खोडली नव्हती.

हात लावायची बंदी असलेल्या त्या दिवसांत, एका मंगळवारी, ती पहिल्यांदा रक्तपेढीत गेली. सिंहाद्री तिला वाटला होता त्यापेक्षा बुटका निघाला, केस पांढरे. त्यानं वाकून नमस्कार केला आणि तिला व्हरांड्यात नेलं. व्हरांडा लांबच लांब होता, एका टोकाला पाण्याचा माठ, दुसऱ्या टोकाला एक लंगडं कुत्रं झोपलेलं.

"हेच का?"

"ह्याची आई होती. ती मोठी होती. भुंकायची फार."

त्यानं खणातून कार्ड काढून दिलं. वंतला चिन्नाम्मी, वय अकरा, गावाचं नाव, रक्तगट. मागे तारखांचे शिक्के, दाटीवाटीनं, मग विरळ, मग कोरं. पुढच्या कोपऱ्यात फोटो होता. फोटो काढताना नेमके डोळे मिटले होते पोरीनं. भ्रमरांबा कितीतरी वेळ कार्ड धरून बसली. आवाज एवढा ओळखीचा आणि चेहरा असा मिटलेला.

तीनला सुया निघाल्या. बाया पोरांना कडेवर घेऊन, पिशव्या सावरत, भराभरा रिक्षांकडे निघाल्या. कुणी हिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. सव्वातीनला व्हरांडा रिकामा झाला.

"बघा," सिंहाद्री म्हणाला. "मिळते आता बस सगळ्यांना."

संक्रांत झाली. नोकरी संपली. मंगळवारी सकाळी भ्रमरांबा तांदूळ निवडत बसली होती. दहाला तिचा हात आपोआप थांबला, मग ती स्वतःशीच म्हणाली, आता कुठला फोन. आणि घरातला फोन वाजला.

"अक्का, यादी आली."

"किती वाजले?"

"दहा वाजून सहा मिनिटं. चारच हात आहेत तरी सहा मिनिटांत."

"बरं झालं. पण मला कशाला सांगतोस आता? लहरी आहे ना तिकडे."

"तिला केला आधी. मग तुम्हाला केला. सवय आहे."

त्याचं सांगून झालं होतं. तिचंही ऐकून झालं होतं. पण त्यानं फोन ठेवला नाही, आणि तिनंही ठेवला नाही. पलीकडे बाकावरच्या मुलांचा गलका चालला होता. पूर्वी एवढ्यात थोडी खडखड व्हायची, फोन त्याच्या हातातून पोरीच्या हातात जायचा. दोघंही तेवढा वेळ थांबले.

मग सिंहाद्री म्हणाला, "ठेवतो, अक्का."

"ठेव," भ्रमरांबा म्हणाली.